तीन लिटरचा ग्लो

लग्नसराई सुरू झाली की माझ्या पार्लरमध्ये नवऱ्या मुलींच्या आधी त्यांच्या बाटल्या येतात. दोन-दोन लिटरच्या, गुलाबी नाहीतर जांभळ्या, अंगावर वेळा छापलेल्या. सकाळी नऊपर्यंत इथवर, अकरापर्यंत इथवर, संध्याकाळी पाचला शाब्बास. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून खुर्चीत रेलल्या तरी एक हात चाचपडत बाटलीकडे जातोच. आणि मग ठरलेला प्रश्न, "ताई, मी रोज तीन लिटर पिते, तरी ग्लो का नाही येत?"

नाशिकला सिडकोत पवननगरला माझं छोटंसं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक स्टीमर, मागे मोरी आणि गॅसची शेगडी. बायकांचे चेहरे मी रोज वीतभर अंतरावरून बघते. त्या अनुभवावर सांगते, पाणी पिण्याची कारणं पुष्कळ आहेत, पण चेहरा चमकवणं हे त्यांत फार खालच्या नंबरावर आहे. हे ऐकलं की मुलींचा विरस होतो. पार्लरवालीच असं बोलायला लागली तर जायचं कुणाकडे! पण फेशियलनंतर जो तजेला दिसतो तोसुद्धा पाण्याचा नसतो. मसाजने चेहऱ्याकडे रक्त जास्त येतं, स्क्रबने वरची मेलेली कातडी निघते, आणि क्रीममुळे उजेड चेहऱ्यावर नीट पडतो. दोन-चार दिवस टिकतं. यात धंद्याचं गुपित काही नाही, विचारेल तिला सांगते.

प्यालेलं पाणी आतड्यांतून रक्तात जातं आणि रक्ताबरोबर सगळीकडे. कातडीलाही तिचा वाटा मिळतो, पण खालच्या थरात, जिथे रक्तवाहिन्या आहेत तिथे. आपण आरशात बघतो तो सगळ्यात वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा, जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड. तिथवर रक्त पोचतच नाही. त्या पापुद्र्यातला ओलावा टिकतो तो पेशींच्या मधे असलेल्या स्निग्धांशामुळे. तो साबणाने धुऊन काढला की आतलं पाणी हवेत उडून जातं, मग वरून हंडाभर प्या. शरीराला नको असलेलं जास्तीचं पाणी मूत्रपिंडं काही तासांत बाहेर काढून मोकळी होतात, चेहऱ्यासाठी म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. गच्चीवरची टाकी ओसंडून वाहिली म्हणून भिंतीचा रंग उजळत नाही.

अगदीच संबंध नाही असंही नाही हं. पोर्तुगालमध्ये ४९ तरुण बायकांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांना महिनाभर रोज दोन लिटर जादा पाणी प्यायला दिलं. कातडीचा ओलावा मोजला तर फरक दिसला, आणि ज्या आधी फारच कमी पाणी पीत होत्या त्यांच्यात तो जास्त दिसला. म्हणजे मुळात तूट असेल तर भरून निघते. जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाची कातडी चिमटीत धरली तर सावकाश खाली बसते, ते याच कारणाने. पण जिचं पाणी पुरेसं आहे तिने आणखी दोन बाटल्या रिचवून चेहऱ्यात काही फरक पडत नाही. पिंपल्सचा तर पाण्याशी फारसा संबंधच नाही, ते तेलाच्या ग्रंथी आणि हार्मोन्सचं प्रकरण. डोळ्यांखालची काळी वर्तुळं अर्ध्याजणींच्या आईलाही असतात. आईला बरोबर घेऊन आलेली असली की मी नुसतं आईकडे बोट दाखवते.

आता नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि इकडे सिडकोत सगळ्यांचे गीझर फुल. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई म्हणते की कातडी ओढल्यासारखी होते, नडग्या पांढऱ्या पडल्यात, पाणी कमी पडतंय बहुतेक. मी विचारते, अंघोळ कशी करता? कढत. किती वेळ? बादली संपेपर्यंत, मग आणखी अर्धी. साबण? दोनदा, शिवाय ती जाळीची घासणी. झालं! अंगावरचा सगळा स्निग्धांश रोज सकाळी मोरीतून वाहून जातो आणि दोष येतो पाणी कमी पिण्यावर.

उपाय इतका साधा आहे की कुणाला तो पटत नाही. पाणी कोमट, अंघोळ आटोपशीर, साबण काखेत-जांघेत-पायांना, बाकी अंगाला रोज लागतोच असं नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल, व्हॅसलीन किंवा जे काही परवडेल ते चोळायचं. कोरडं झाल्यावर लावण्यापेक्षा ओलसर अंगावर लावलेलं कितीतरी जास्त उपयोगी पडतं, कारण ते कातडीतलं पाणी अडवून धरतं. फक्त ज्यांना पिंपल्स येतात त्यांनी खोबरेल चेहऱ्याला लावू नये, छिद्रं बुजतात. त्यांना साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर बरं.

बोअरचं पाणी हाही एक विषय आहे. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बऱ्याच सोसायट्यांत पिण्याला महापालिकेचं आणि वापराला बोअरचं पाणी असतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण जास्त साबण लावतो, आणि त्याचा चिकट साका अंगावर राहून जातो. बादल्यांवर पांढरा थर धरत असेल, नळाच्या तोटीवर खपल्या येत असतील तर कातडीच्या कोरडेपणात त्या पाण्याचाही हात आहे असं समजावं. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो. असलं काही सांगितलं की समोरची म्हणते, "म्हणजे फेशियल नको?" करा ना, मी कुठे नको म्हणते.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल. आपल्या नाशिकच्या मुली स्कूटीवर स्कार्फ असा गुंडाळतात की फक्त डोळे दिसतात. चांगली सवय आहे. डाग आणि सुरकुत्या यांना ऊन जितकं कारणीभूत तितकं दुसरं काही नाही. स्कार्फखाली सनस्क्रीन लावा, हातांनाही लावा.

बरं, दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं असं जो तो सांगतो, ते आठ ग्लास आले कुठून? १९४५ साली अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं, आणि लगेच पुढे लिहिलं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. जगाने पहिलं वाक्य उचललं आणि हे सोडून दिलं. हाइन्झ वाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ मध्ये आठ ग्लासांच्या नियमाला शास्त्रीय आधार शोधून पाहिला, त्याला तो मिळाला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेले आकडे बायकांना दोन लिटर आणि पुरुषांना अडीच लिटर असे आहेत, पण तेही जेवण, दूध, चहा सगळं धरून, आणि तिकडच्या बेताच्या हवेत बेताचं काम करणाऱ्यांसाठी. आपल्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, त्याहून जास्त लागणार हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण आपल्या ताटातही पाणी भरपूर असतं. वरण, आमटी, ताक, दुधी-दोडक्याची भाजी. भातात निम्म्याहून जास्त पाणी. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर, द्राक्षात ऐंशीच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकचा माणूस येता-जाता द्राक्षं तोंडात टाकतो, ते सगळं हिशेबात धरायचं.

मोजमाप करायचंच असेल तर बाटलीवरच्या वेळांपेक्षा लघवीचा रंग बघावा. फिकट, वाळक्या गवतासारखा पिवळसर असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पाणी हवंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर भडक पिवळा होतो, त्याने घाबरू नये. आणि निरोगी माणसाला तहान नावाची गोष्ट दिलेली आहे. रक्तातलं पाणी जरासं कमी झालं की मेंदू ओरडायला लागतो. अडचण अशी की तो ओरडला तरी आमच्यातल्या कितीतरी जणी ऐकायचं नाही असं ठरवूनच घरातून निघतात.

त्या बाटलीवाल्या मुलींपेक्षा मला या बायकांची काळजी जास्त वाटते. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, आयब्रो करायला. शाळा कुठली ते नको. सकाळी सातला घरून निघतात, दुपारी दीडला परत. मधे एक घोटही पाणी नाही, कारण शाळेतल्या बाथरूमला कडी नाही आणि बहुतेक वेळा पाणी नाही. मेनरोडला कपड्यांच्या दुकानात उभ्याने काम करणारी एक मुलगी आहे. तिला चार गल्ल्या ओलांडून जावं लागतं आणि शेठ घड्याळ बघतो. म्हणून ती अकरा वाजल्यानंतर पाणीच पीत नाही. पुण्याला बसने जायचं म्हटलं की आपल्यातल्या कितीजणी आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात? हात वर करायला सांगितलं तर माझ्या पार्लरमधला एकही हात खाली राहणार नाही.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. डिपिंग आणि थिनिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या आणि मणी विरळ करायच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, त्यांत बायका जास्त. दिवसभर मान वर, हात वर, घडामागून घड. बागेत पाण्याचा ड्रम असतो पण आडोसा नसतो. दोन ओळींच्या मधे पुरुष मंडळीही काम करत असतात. मग बायका काय करणार? तोंडात सुपारीचं खांड धरतात आणि संध्याकाळपर्यंत ढकलतात. मी भावाशी यावरून भांडले. त्याने शेताच्या कडेला शेडनेट लावून चार भिंतींसारखं करून दिलं, आत खड्डा आणि पाण्याची टाकी. फार खर्च झाला नाही. आता ड्रम दुपारीच रिकामा होतो आणि भरायला माणूस लावावा लागतो, अशी त्याची तक्रार आहे. मला ती तक्रार फार आवडते.

पाणी न पिणं आणि लघवी धरून ठेवणं, या दोन्हीचं बिल एकत्र येतं. आधी दुपारचं डोकं दुखतं, मग बद्धकोष्ठ, मग उन्हाळी लागते. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, आणि गेलं तर थेंबभर. बायकांची मूत्रनलिका पुरुषांपेक्षा बरीच आखूड, त्यामुळे जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. लघवी वारंवार झाली की ते धुऊन जातात. यावर २०१८ मध्ये एक चांगला अभ्यास आला. ज्यांना वरचेवर असा संसर्ग होतो आणि ज्या पाणी कमी पितात अशा १४० बायका घेतल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, गोळी नाही, नुसतं पाणी! चेहऱ्याच्या ग्लोवर खर्च होणारा उत्साह इथे वळवता आला तर काय बहार होईल. धन्याचं पाणी, सब्जा, बार्ली हे सगळं घ्यावं, त्या निमित्ताने पाणीच पोटात जातं. पण ताप भरला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं तर सब्जा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. गरोदर बाईने तर पहिल्या जळजळीलाच.

आपल्या आयुर्वेदातही अडवू नयेत असे तेरा वेग सांगितलेत, त्यांत तहान आणि लघवी दोन्ही आहेत. चेहऱ्याला हळद लावताना आयुर्वेद आठवतो, हे मात्र कुणी आठवत नाही. मी पार्लरच्या दारावर आयब्रो-वॅक्सच्या दरपत्रकाखाली एक ओळ लिहून घेतली आहे, "बाथरूम वापरायला विचारायची गरज नाही." कामासाठी न येणाऱ्या बायकाही येतात. भाजीवाल्या मावशी दुपारी येऊन जातात आणि जाताना माठातलं पाणी पितात. आधी पाणी नको म्हणायच्या.

आमच्या घरी पाण्याचा धडा नवऱ्याला मिळाला. अंबडला फोर्जिंगच्या कंपनीत भट्टीजवळ काम, घाम नुसता गळतो आणि तहान लागली की चहा. मुतखडा झाला. मित्रमंडळींनी लगेच बिअरचा इलाज सुचवला, तोही अगदी डॉक्टरच्या सुरात. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की किती प्यायलात ते मला सांगू नका, दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, त्या हिशेबाने प्या. भट्टीवर उभं राहणाऱ्याला त्यासाठी अडीच लिटरच्या बरंच वर प्यावं लागतं, कारण घामाचा वाटा आधी जातो. शिवाय मीठ कमी. लोणचं-पापड बंद झाल्याचं दुःख त्यांना खड्याच्या कळांपेक्षा जास्त झालं.

उलट बाजूही सांगून टाकते, कारण ती बाटली मला अजून खटकते. चांगल्या मूत्रपिंडालाही तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकता येतं. सकाळपासून पाणी राहिलं म्हणून संध्याकाळी तासाभरात दोन-तीन लिटर गटागट ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं जड होतं, आणि फारच झालं तर जिवावर बेतू शकतं. ज्यांचं हृदय कमजोर आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. त्यांनी माझ्यासारखीचं किंवा मोबाइलवरच्या कुणाचंही ऐकू नये. आणि सकाळच्या लिंबू-मधाच्या पाण्याने "टॉक्सिन्स" निघतात म्हणे. ते काम लिव्हर आणि किडन्या न सांगता, चोवीस तास करतात. गरम पाण्याने पोट साफ व्हायला मदत होत असेल तर जरूर प्या.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांचा तांब्याचा हंडा त्यांच्या लग्नातला, भांडी बाजारातून घेतलेला, आणि आरओचं पाणी त्यांना "मेलेलं" लागतं. हंड्याबद्दल त्यांचं म्हणणं अगदी वाऱ्यावरचं नाही. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत तपासलेलं आहे. फक्त त्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवायचं नाही, कळकतं. कांती-बिंतीचा मात्र त्यात काही संबंध नाही. त्यांचा खरा प्रश्न हा की त्यांना तहानच लागत नाही. वय झालं की मेंदूतला तो ओरडणारा आवाज बारीक होतो. त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. उन्हाळ्यात दुपारी चक्कर येऊन ओट्याला धरून उभ्या राहतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी तशीही सैल, त्यामुळे चिमटीची परीक्षा त्यांच्यावर चालत नाही. तोंड-जीभ कोरडी आहे का, नेहमीपेक्षा गोंधळल्यात का, ते बघावं लागतं.

ग्लास पुढे केला तर त्या हातानेच बाजूला करतात. डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे, त्यांना पाण्यावर बंधन नाही. म्हणून मी सकाळपासूनच मागे लागते आणि युक्त्या करते. वरण पातळ, कढी, सकाळच्या गोळीबरोबर घोटभर नाही तर पेला भरून, दुपारी कलिंगडाच्या फोडी, चारला पातळ ताक. जुलाब झाले तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेवढं मात्र मोजूनच, कारण मीठ जास्त झालं तर उलटंच होतं. एवढं करूनही त्या म्हणतात, "पाणी नको बाई, चहा टाक." चहाने अंगातलं पाणी निघून जातं हा समज खरा नाही, रोज पिणाऱ्याच्या अंगाला त्यातलं बहुतेक पाणी लागतं. म्हणून टाकते. कप मोठा घेते, साखर कमी.